वेदीचा वाटा आणि रुग्णाची खाट

इ. स. ११४५ च्या नोव्हेंबर महिन्यात इटलीतील व्हितेर्बो या नगरी पोप तिसरा यूजीन याच्यापुढे जे अनेक अर्जदार आणि फिर्यादी उभे राहिले, त्यांत सीरियाच्या किनाऱ्यावरील जबला नावाच्या लहानशा बंदराचा बिशप ह्यू हाही होता. आदल्या वर्षी, ऐन नाताळच्या पूर्वदिनी, मुसलमान सेनानी झंगी याने एडेसा शहर फ्रँकांच्या हातून हिसकावून घेतले होते. त्या आपत्तीचे वर्तमान ह्यू अश्रू ढाळीत सांगत होता, आणि आल्प्स पर्वत ओलांडून जर्मनीच्या व फ्रान्सच्या राजांकडे साहाय्याची याचना करण्यास जाण्याचा मनोदय त्याने बोलून दाखविला होता. फ्रायझिंगचा विद्वान बिशप ऑटो त्या वेळी तेथे हजर होता, आणि त्याने आपल्या इतिहासग्रंथात ही भेट टिपून ठेवली नसती तर जबलाच्या या बिशपाचे नाव आज फारसे कोणी घेतले नसते. पुष्कळांना तो आठवतो तो पूर्वेकडच्या प्रेस्टर जॉन नामक ख्रिस्ती पुरोहित-राजाची वार्ता त्याने युरोपात आणली म्हणून. पण ऑटोने त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट नोंदविली आहे, आणि मला तीच अधिक विचार करण्याजोगी वाटते. एडेसाच्या दुःखाबरोबरच ह्यूने आपल्याच वरिष्ठाविरुद्ध, म्हणजे अँटिओकच्या पॅट्रिआर्कविरुद्ध, तसेच तेथील राजमातेविरुद्धही फिर्याद मांडली होती. आणि अब्राहामाने लढाईतील लुटीचा दशमांश मलकीसदेक याजकाला दिला या प्राचीन दाखल्याच्या आधारे, सारासेनांकडून घेतलेल्या लुटीचा दशमांश आपणास मिळावा, अशी मागणी पोपच्या अधिकाराचा आश्रय करून केली होती.

एकाच मनुष्याने एकाच मुक्कामी, बुडत्या राज्यासाठी याचना आणि लुटीतील वाट्यासाठी दावा अशा दोन गोष्टी कराव्यात, हे पाहून वाचकाचे मन प्रथम विटते, आणि ह्यूला लोभी ठरवून मोकळे व्हावेसे वाटते. मला तसे करवत नाही. दशमांश हे ऋण आहे आणि साहाय्य हे दान आहे. ऋणाची वसुली करता येते, दानाची याचनाच करावी लागते. क्रूसयुद्धातून उभ्या राहिलेल्या त्या चिमुकल्या राज्यांतील धर्मसंस्था जवळजवळ नव्वद वर्षे या दोन्ही आवाजांत बोलत आली: घरच्या सरदारांशी हक्कदाराच्या आवाजात, समुद्रापलीकडील राजांशी याचकाच्या आवाजात. देवाच्या नावाने जे धन वसूल केले जाते ते खरोखर कोणाचे, आणि ज्याच्या हाती ते येते त्याला संकटकाळी दुसऱ्यापुढे हात पसरण्याचा अधिकार कितपत उरतो, हा प्रश्न ह्यूच्या त्या दोन मागण्यांमध्ये दडलेला आहे.

शास्त्रात पाहू गेल्यास दशमांशाचा अर्थ संकुचित नाही. 'अनुवाद' या मोशेच्या पाचव्या पुस्तकात तिसऱ्या वर्षीच्या दशमांशाविषयी जी आज्ञा आहे, तिच्यात ज्याला जमिनीत वाटा नाही असा लेवी, परदेशी उपरा, अनाथ आणि विधवा या चौघांना एकाच पंक्तीला बसविले आहे. वेदीचा सेवक आणि दाराशी आलेला भुकेला यांच्यात तेथे भेद केलेला नाही. पश्चिम युरोपात मात्र शतकानुशतके या दशमांशाचे रूपांतर एका महसुलात झाले, आणि तोच महसूल लॅटिन ख्रिस्ती लोक आपल्याबरोबर सीरिया व पॅलेस्टाइनमध्ये घेऊन आले. तेथे तो कोणाच्या घामातून निघत होता हे पाहणे अवश्य आहे. जमीन कसणारे शेतकरी बहुतांशी मुसलमान, आणि उरलेले स्थानिक पौर्वात्य ख्रिस्ती, ज्यांच्या मंडळ्यांत अशी सक्तीची चाल नव्हती. ११८४ साली तिबनीनहून एकरकडे जाताना अंदलूसी प्रवासी इब्न जुबैर याने तेथील मुसलमान रयतेची स्थिती पाहिली. पीक निघताना त्याचा निम्मा हिस्सा, शिवाय दरडोई एक दिनार पाच किरात, असे देणे ते फ्रँक जमीनदाराला देत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्या निम्म्या हिश्श्यातून जमीनदाराने बिशपाला दहावा भाग द्यावयाचा. म्हणजे ज्याच्या पोराला त्या चर्चमध्ये बाप्तिस्मा नाही, ज्याच्या मृताला तेथे मूठमाती नाही, त्याच्या खळ्यावरील धान्यातून त्या वेदीचा दिवा जळत असे. या फ्रँकांनाच अरब लोक 'इफ्रंज' म्हणत, आणि फारसीच्या वाटेने आलेला आपला 'फिरंगी' हा शब्दही त्याच मुळाचा आहे. या शब्दामुळे मला ते राज्य वाटते तितके दूरचे वाटत नाही.

सरदारांनी हा दहावा भाग तरी सुखासुखी दिला असे नाही. १०९९ च्या जुलैत जेरुसलेम हाती आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पॅट्रिआर्कपदावर आलेला पीसाचा दाइंबेर्त प्रत्यक्ष जेरुसलेम व याफा या शहरांवरच हक्क सांगू लागला. पुढे अपुलियाच्या ड्यूक रॉजरने पवित्र कबरेचे मंदिर, रुग्णालय आणि राजाचे सैनिक या तिघांसाठी पाठविलेली एक हजार बेझंट सुवर्णनाण्यांची रक्कम दाइंबेर्तने एकट्यानेच दडपून ठेवली, असा आरोप आखेनचा वृत्तांतकार अल्बर्ट नमूद करतो. राजा पहिला बाल्डविन याच्याशी त्याचे वितुष्ट विकोपास जाऊन अखेर त्याचे पद गेले. दुसऱ्या बाल्डविनच्या काळी पारडे उलटले. ते साल होते १११९, जूनच्या २८ तारखेस अँटिओकचा अधिपती रॉजर 'रक्तक्षेत्र' नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या रणांगणावर सैन्यासह कापला गेला होता, आणि इकडे चार वर्षे टोळ आणि उंदीर पिके खात होते. जानेवारी ११२० मध्ये नाब्लुस येथे पॅट्रिआर्क वारमुंड आणि राजा यांनी जी सभा भरविली, तिने केलेल्या पंचवीस नियमांतील पहिलाच नियम असा की, राजाने जेरुसलेम, नाब्लुस व एकर येथील आपल्या उत्पन्नाचा दशमांश, जो आजवर आपण अडवून ठेवला होता, तो धर्मसंस्थेला परत करावा. राजाने त्याबद्दल क्षमाही मागितली. आपत्ती ही पापाची शिक्षा आहे, आणि पापांच्या यादीत देवाचे देणे थकविणे अग्रभागी आहे, ही त्या सभेची भावना होती. त्याच वारमुंडाने स्पेनमधील कोम्पोस्तेलाच्या आर्चबिशपाला लिहिलेले मदतीचे पत्र आजही उपलब्ध आहे. घरात थकलेले देणे आधी चुकते करावे आणि मग परक्याच्या दारी जावे, हा क्रम निदान एकदा तरी पाळला गेला, याचे मला समाधान वाटते.

पण यानंतरच्या पिढीत तंटा सरदारांशी राहिला नाही. तो धर्मसंस्थेच्या घरातच शिरला, आणि म्हणूनच तो अधिक गहन झाला. जेरुसलेममध्ये पवित्र कबरेच्या मंदिरासमोर संत जॉनचे रुग्णालय होते. त्याच्या बंधूंच्या नियमावलीत, दाराशी आलेल्या रुग्णाला घरचा धनी समजून वागवावे, असे स्पष्ट सांगितले होते. थिओडेरिक नावाच्या जर्मन यात्रेकरूने तेथे हजाराहून अधिक खाटा पाहिल्या. पोप दुसरा पास्कल याने १११३ साली दिलेल्या सनदेने, बंधू स्वतःच्या खर्चाने व श्रमाने जे पिकवितील त्यावरचा दशमांश त्यांना माफ झाला, आणि ११५४ मध्ये चौथ्या अनास्तासियसने ही सूट आणखी विस्तृत केली. जमिनी जसजशा दानाने अगर खरेदीने रुग्णालयाकडे जाऊ लागल्या, तसतसा बिशपांचा वसूल आटू लागला. पॅट्रिआर्क फुल्चर आणि रुग्णालयाचा प्रमुख रेमाँ यांच्यातील कलह टायरचा आर्चबिशप विल्यम याने मोठ्या तपशिलाने वर्णिला आहे. मंदिरासमोर बंधूंनी मंदिराहून उंच व खर्चिक इमारती उठविल्या; पॅट्रिआर्क लोकांना उपदेश करण्यास उभा राहिला की ते आपल्या घंटा अशा जोराने वाजवीत की म्हाताऱ्याचा शब्द कोणाला ऐकू येऊ नये; आणि एकदा तर हत्यारे घेऊन त्यांनी प्रत्यक्ष मंदिरात बाण सोडले. ते बाण कोणीतरी वेचले, त्यांची जुडी बांधली, आणि ख्रिस्ताला जेथे क्रुसावर दिले त्या कालवरीच्या जागेसमोर ती दोरीने टांगून ठेवली. ती जुडी आपण स्वतः पाहिली, असे विल्यम लिहितो.

११५५ साली, शंभरीच्या उंबरठ्यावर आलेला फुल्चर अनेक बिशपांना घेऊन समुद्र ओलांडून इटलीत ओत्रांतो येथे उतरला आणि पोप चौथा एड्रियन जेथे जेथे मुक्काम करी तेथे तेथे त्याचा माग काढीत फिरला. फेरेंतीनो येथे भेट झाली, दोन्ही बाजूंच्या वकिलांचे दिवसचे दिवस वादविवाद झाले, आणि निकाल न लागताच तो वृद्ध मनुष्य रिक्त हस्ताने परतला. रुग्णालयाच्या नजराण्यांनी पोपचा दरबार फिरला, दोघे कार्डिनल वगळता कोणी न्यायाला जागले नाही, असे विल्यमचे म्हणणे. विल्यम स्वतः आर्चबिशप होता, त्याच बाजूचा होता, आणि ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेत, जेथे रुग्णालयासारख्या लष्करी संघांच्या सवलतींना काहीसा आळा घालण्यात आला, तेथे तो हजरही होता. तेव्हा त्याची साक्ष एकतर्फी मानून वाचली पाहिजे. तरीही बाणांची ती जुडी खोटी ठरत नाही.

मग न्याय कोणाकडे होता? कायद्याने पाहता बंधूंकडे सनद होती आणि बिशपांकडे रूढी. परंतु धर्मदृष्टीने पाहता मला वाटते की दोन्ही पक्ष एकच चूक करीत होते. अनुवादाच्या त्या आज्ञेत लेवी आणि अनाथ एका पंक्तीला होते. येथे वेदीचा सेवक म्हणत होता की वाटा माझा, आणि रुग्णाचा सेवक म्हणत होता की वाटा माझा, आणि तो वाटा मुळात देवाचा असून आपण दोघे केवळ त्याचे कारकून आहोत, ही जाणीव दोघांकडूनही निसटली होती. देवाच्या देण्याला एकदा वतनाचे रूप आले की त्याच्यावर भाऊबंदकी सुरू होते, आणि वतनाच्या भाऊबंदकीत घंटा आणि बाण दोन्ही शस्त्रेच होतात. रुग्णालयाचा पक्ष मनाला अधिक भिडतो हे खरे. हजार खाटांपुढे बिशपाचे कोठार कोणाला दिसणार? पण ज्या हाताने रुग्णाला धनी म्हणून पाणी पाजले त्याच हाताने कालवरीसमोर धनुष्य ओढले, हे विसरता येत नाही.

पैशासाठी धर्माधिकाऱ्यांवर राजसत्तेने केलेले अत्याचारही याच काळातले. अँटिओकच्या पॅट्रिआर्क एमरीला तेथील नवा अधिपती रेनो दे शातियों याने पकडून मारझोड करविली, डोक्यावरच्या जखमांना मध फासला, आणि त्या वृद्धाला उन्हाळ्याच्या भर उन्हात किल्ल्याच्या बुरुजावर माश्यांच्या तोंडी बसवून ठेवले. याच एमरीने पुढे ११६४ साली हारिमच्या पराभवानंतर फ्रान्सचा राजा सातवा लुई याच्याकडे साहाय्याची पत्रे पाठविली. ज्याच्या मस्तकावर तो मध वाळला होता त्याने पुन्हा त्याच राज्यासाठी पदर पसरावा, याला मी मोठेपणा म्हणतो.

११८३ मध्ये मुसलमान सुलतान सलाहुद्दीनचा वेढा चहूकडून आवळू लागला, तेव्हा जेरुसलेमच्या राज्याने साऱ्या रहिवाशांवर एक कर बसविला, भाषा अगर धर्म न पाहता: शंभर बेझंटची मालमत्ता असेल त्याने एक, आणि शंभर बेझंटचे उत्पन्न असेल अशा चर्चने व सरदाराने दोन. जेरुसलेममध्ये या करासाठी ठेवलेल्या पेटीला तीन कुलुपे होती. एक किल्ली पॅट्रिआर्कापाशी, दुसरी पवित्र कबरेच्या मंदिराच्या प्रायरपाशी, तिसरी किल्लेदार व चार नागरिकांपाशी. कोणी एकटा ती उघडू शकणार नव्हता. हीच व्यवस्था सत्तर वर्षे आधी सुचली असती तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही. त्यानंतर पॅट्रिआर्क हेराक्लियस हा टेम्पलर नावाचा दुसरा लष्करी संघ व रुग्णालय यांच्या प्रमुखांसह युरोपात गेला. टेम्पलरांचा प्रमुख वाटेत व्हेरोना येथे वारला. ११८५ च्या आरंभी इंग्लंडमधील रेडिंग येथे हेराक्लियसने दावीदच्या बुरुजाच्या व पवित्र कबरेच्या किल्ल्या आणि राज्याचे निशाण राजा दुसरा हेन्री याच्यापुढे ठेवले. हेन्रीने आपल्या सल्लागारांची सभा घेऊन येण्यास नकार दिला आणि द्रव्य देऊ केले. आम्हाला धन नको, नायक हवा, असे पॅट्रिआर्काचे उत्तर होते. ज्या संस्थेने इतकी वर्षे आपल्या वाट्याची नाणी मोजून घेतली, तिला शेवटी नाण्यांनी न भागणारी गोष्ट मागावी लागली, आणि देणाऱ्याजवळ तेवढीच नव्हती.

हत्तीनच्या रणांगणावर ४ जुलै ११८७ रोजी सारे सैन्य बुडाले. २ ऑक्टोबरला जेरुसलेमचे दरवाजे उघडले गेले. युरोपात त्या बातमीनंतर ११८८ च्या आरंभी हेन्री व फ्रान्सचा राजा फिलिप यांनी उत्पन्नाचा व जंगम मालाचा दहावा भाग गावोगावी वसूल करण्याचा हुकूम काढला, आणि त्याला नाव पडले सलाहुद्दीनचा दशमांश. जे दान म्हणून मागितले होते ते असे पुन्हा ऋण होऊन बसले. पण मला राहून राहून आठवतो तो शहर सोडण्याचा दिवस. पुरुषामागे दहा दिनार, स्त्रीमागे पाच, अशी खंडणी ठरली होती. हेन्रीने पूर्वी जमा करून ठेवलेल्या द्रव्यातून तीस हजार बेझंट काढून सात हजार गरिबांना सोडविण्यात आले. त्याहून अधिक देण्याविषयी संघ मागे-पुढे करीत राहिले आणि नागरिकांनी त्यांना दोष दिला. हेराक्लियसने आपले दहा दिनार मोजले आणि मंदिराच्या सोन्यारुप्याचे सामान लादलेल्या गाड्यांसह तो बाहेर पडला. ती संपत्ती अडवावी असे सलाहुद्दीनला त्याच्या माणसांनी सुचविले, पण त्याने दिलेला शब्द मोडला नाही. मागे हजारो माणसे गुलामगिरीत गेली. आणि रुग्णालयाच्या दहा बंधूंना, जे रोगी उठू शकत नव्हते त्यांची शुश्रूषा करण्यासाठी, आणखी एक वर्ष त्या शहरात राहण्याची परवानगी त्या मुसलमान सुलतानाने दिली, आणि ते राहिले.