होकार मागे घेता येतो

"ती स्वतःहून खोलीवर आली होती ना?" चाकण, भोसरी, हिंजवडीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा वाईट असतोच असं नाही. त्याला खरंच वाटत असतं, की मुलगी आली, दार लागलं, म्हणजे पुढचं सगळं ठरलेलंच आहे. मध्येच ती "नको, थांब" म्हणाली तर त्याला ते शब्द फिरवणं वाटतं. आपल्याकडे सुरक्षिततेची चर्चा झाली ती बहुतेक परक्या माणसाबद्दल. 2007 साली गहुंजे इथे कॅबचालकाने आणि त्याच्या साथीदाराने कंपनीत कामाला निघालेल्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून केला. त्यानंतर रात्रपाळीच्या गाड्यांचा विषय गंभीरपणे घेतला जाऊ लागला. तो घ्यायलाच हवा होता. ओळखीच्या, आवडत्या माणसाला नाही म्हणण्याचं काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

होकार एकदा दिला की दिला, ही समजूत फार जुनी आहे. पूर्वी तो मुलीने स्वतः द्यावा लागत नसे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या नांदायला येत नाहीत म्हणून नवरा दादाजी भिकाजी याने 1884 साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. अजाण वयात लागलेल्या लग्नासाठी तिला नवऱ्याच्या घरी जाण्याची सक्ती करता येणार नाही, असं न्या. पिन्हे यांनी 1885 मध्ये ठरवलं. अपिलानंतर 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी उलटा निकाल दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली आणि त्या पुढे विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रश्न मनाचा होता. कायद्याने दिलेलं उत्तर वयाचं होतं: 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारा केली. तेवढ्यानेही पुणं पेटलं आणि टिळक विरोधात उभे राहिले.

वयानंतर कायदा जखमा शोधू लागला. 26 मार्च 1972 च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी भावासोबत गेली होती. तक्रार भावानेच दिली होती. जबाब झाले, बाकीचे बाहेर पडले, तिला मात्र पोलिसांनी आत थांबवलं. आपल्यावर आत अत्याचार झाल्याचं तिने बाहेर येऊन सांगितलं. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. 1976 मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवताना अतिशय मोलाचा फरक केला: भीतीने निमूट झालेलं शरीर म्हणजे संमती नव्हे. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखम नाही, तिने आरडाओरडा केला नाही, हेच तिच्या विरोधात गेलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं बाई सांगत असेल, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचं.

संमती म्हणजे काय, हे मात्र कायद्यात लिहिलं गेलं ते थेट 2013 मध्ये. शब्दांनी, खुणेने किंवा वागण्यातून दाखवलेली स्पष्ट, स्वेच्छेची तयारी. आणि ती त्या विशिष्ट कृतीपुरती. प्रतिकार केला नाही म्हणून संमती ठरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही हीच व्याख्या आहे. 'त्या विशिष्ट कृतीपुरती' हे शब्द मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. कालचा होकार आजचा नाही, मिठीचा होकार पुढच्या कशाचा नाही, आणि सुरू असलेली गोष्टही तिची तयारी आहे तोवरच चालू शकते. हा शेवटचा मुद्दा प्रिव्ही कौन्सिलने न्यूझीलंडच्या एका खटल्यात 1984 सालीच मान्य केला होता: संबंध ही सुरुवातीच्या क्षणी संपणारी कृती नाही, त्यामुळे मध्ये नकार आल्यावर न थांबणारा पुरुष बलात्कार करतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात मात्र 1979 च्या निकालाने याच्या उलट नियम घातला आणि तो 2019 पर्यंत टिकला. आपल्याकडेही 2017 मध्ये दिल्ली हायकोर्टाने क्षीण 'नाही'चा अर्थ कधी कधी 'हो' असू शकतो असं म्हटलं. मला हे मान्य नाही. नाही क्षीण वाटलं, तर थांबून विचारायचं.

या सगळ्या इतिहासाची कसोटी पिंपरीतल्या भाटनगरात लागली. कंजारभाट समाजातल्या रिवाजानुसार लग्नानंतर जोडप्याला खोलीत पाठवतात. अंथरुणावर पांढरं कापड, बाहेर पंच आणि नातेवाईक ताटकळत. मग नवऱ्याला चारचौघांत विचारायचं, 'माल' खरा की खोटा. डाग नसेल तर मुलीची बेअब्रू, दंड, मारहाणही. वैद्यकशास्त्रात या डागाला काही अर्थ नाही. पण एका समाजाला हसण्याआधी हे लक्षात घ्यावं, की 'कौमार्याची लक्षणं' आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमातही होती. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी पाठपुरावा केला, तेव्हा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 2019 मध्ये ती वगळली.

त्या खोलीत मुलीला 'आज नको' म्हणायची सोयच नाही. होकार बापाने दिला, पंचांनी दिला, बोहल्यावर उभी राहिली म्हणजे तिनेही दिला असं धरलं जातं. याविरुद्ध आवाज उठला तो समाजातूनच. विवेक तमायचीकर आणि त्यांच्या मित्रांनी 'स्टॉप द व्ही रिच्युअल' हा व्हॉट्सअ‍ॅप गट सुरू केला. जानेवारी 2018 मध्ये भाटनगरातल्या एका लग्नात त्यातल्या तरुणांना मारहाण झाली. विवेक आणि ऐश्वर्या यांनी त्याच वर्षी चाचणी नाकारून लग्न केलं. नवरात्रात ऐश्वर्या भाटनगरात दांडिया खेळायला गेल्या, तर संगीत बंद करण्यात आलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या 2016 च्या कायद्याचा आधार घेऊन त्यांनी तक्रार दिली. फेब्रुवारी 2019 मध्ये राज्य सरकारने अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानली जाईल असं जाहीर केलं.

पंचांचं झालं. नवऱ्याचं काय? बायको अठरा वर्षांची झाली की नवऱ्याने तिच्या इच्छेविरुद्ध केलेला संबंध कलम 63 नुसार बलात्कार ठरत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तिला संरक्षणाचा आदेश मागता येतो. हा अपवाद काढून टाका, असं न्या. वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्ये सांगितलं होतं. मे 2022 मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. लग्नसंस्था मोडेल, हा यावरचा आक्षेप रखमाबाईंच्या काळापासून ऐकू येतो. आणि तरीही पत्नी विभक्त राहत असेल तर तिच्या संमतीवाचून केलेला संबंध याच संहितेच्या कलम 67 खाली गुन्हा आहे. म्हणजे बायकोला नकाराचा हक्क असतो हे कायद्याला मान्य आहे. फक्त त्यासाठी तिने आधी घर सोडायला हवं.