झाकणे म्हणजे फसवणे नव्हे



माणसाने आपल्या देहातील एखादी उणीव लोकांच्या नजरेपासून झाकली, तर ती सत्याशी बेइमानी ठरते काय? प्रश्न वरकरणी तात्त्विक वाटतो. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो रोज सकाळी आरशासमोर उभा असतो. सतरा-अठरा वर्षांच्या एखाद्या मुलीच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला राठ केस येऊ लागतात. ते काढले तरी कातडीखाली निळसर-करडी छाया उरते. दाढी केलेल्या पुरुषाच्या गालावर उरते तशी. मग ती मुलगी ही छाया प्रसाधनाने झाकायला शिकते. शिकताना तिच्या मनात दोन भये असतात. लोक पाहतील, हे पहिले. अल्लाह पाहतो आहे आणि आपण त्याने दिलेला चेहरा खोटा करीत आहोत, हे दुसरे. पहिल्या भयाविषयी घरात निदान कुजबुज तरी होते. दुसऱ्याविषयी बोलायला तिला कोणीच नसते. प्रस्तुत लेख या दुसऱ्या भयासाठी आहे, आणि तो जितका त्या मुलीसाठी तितकाच घरातील वडीलधाऱ्यांसाठीही आहे.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. स्त्रीच्या शरीरातही पुरुषी संप्रेरके अल्प प्रमाणात असतातच. त्यांचे प्रमाण वाढले, किंवा केसांची मुळे त्यांना अधिक प्रतिसाद देऊ लागली, की चेहऱ्यावर जाड व काळे केस उगवतात. याचे सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे पीसीओएस हा विकार. जगभरात जननक्षम वयातील साधारण दहा स्त्रियांमागे एकीला तो असतो, जरी त्यातील प्रत्येकीच्या चेहऱ्यावर केस येतातच असे नाही. पुष्कळदा तो आई, मावशी, आत्या यांच्याकडून रक्तातून आलेला असतो. त्याचा संबंध मुलीच्या चारित्र्याशी नाही, कोणाच्या नजर लागण्याशी नाही आणि तिने काही पाप केले याच्याशी तर मुळीच नाही. अल्लाहने प्रत्येक आजारासोबत उपायही उतरवला आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. म्हणून अशा मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे नेणे हे पालकांचे कर्तव्य आहे. केस अचानक व झपाट्याने वाढत असतील आणि आवाजही घोगरा होत असेल, तर एक दिवसही दवडू नये. मात्र औषधांचा गुण केसांवर दिसायला साधारण सहा महिने तरी लागतात. तोपर्यंत, आणि कित्येकदा त्यानंतरही, छाया उरतेच. तेवढ्या काळात त्या मुलीने महाविद्यालयात जायचे आहे, नोकरीच्या मुलाखती द्यायच्या आहेत आणि नात्यातील लग्नांना हजर राहायचे आहे.

अल्लाहच्या निर्मितीत बदल करणे निषिद्ध आहे, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते आणि ते खरे आहे. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या प्रसिद्ध कथनात गोंदणाऱ्या, चेहऱ्यावरील केस उपटणाऱ्या आणि सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार आहे. या कथनाच्या आधारे इमाम तबरी यांचे मत असे होते की, स्त्रीला दाढी उगवली तरी तिने ती काढू नये. परंतु तेराव्या शतकातील इमाम नववी यांनी सहीह मुस्लिमवरील आपल्या भाष्यात हे मत स्वीकारले नाही. स्त्रीला दाढी किंवा मिशा उगवल्या तर त्या काढणे निषिद्ध नव्हे, उलट पसंतीचे आहे, असे त्यांनी लिहिले. त्या कथनातील 'सौंदर्यासाठी' या शब्दाकडेही त्यांनी लक्ष वेधले. निषिद्ध आहे ते केवळ रूप वाढवण्याच्या हव्यासापायी केलेले कृत्य. उपचारासाठी किंवा एखादा दोष दूर करण्यासाठी केले, तर हरकत नाही. कोकणातील आपली शाफई कुटुंबे इमाम नववींना किती मानतात, हे सांगायला नको. मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथील बहुसंख्य हनफी कुटुंबांसाठी एकोणिसाव्या शतकातील अल्लामा इब्न आबिदीन यांचा ग्रंथ आधारभूत आहे. त्यांचाही निर्णय हाच आहे. प्रसाधन तर केस काढण्यापेक्षाही सौम्य गोष्ट होय. त्याने काहीच बदलत नाही. रात्री तोंड धुतले की चेहरा होता तसाच उरतो.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ह. अस्मा (रजि.) यांनी कथन केले आहे की, एक माता प्रेषितांकडे (स.) आली. तिची मुलगी नववधू होती आणि आजारपणात तिचे केस गळून गेले होते. तिला दुसरे केस जोडू काय, असे मातेने विचारले. प्रेषितांनी (स.) परवानगी दिली नाही, केस जोडणाऱ्या व जोडून घेणाऱ्या स्त्रीविषयी कठोर शब्द उच्चारले. मुलगी आजारी, प्रसंग लग्नाचा, मातेची काळजी खरी, आणि तरीही नकार! मग जबड्यावरील छाया झाकण्यास मुभा कशी?

याच्या शेजारी दुसरी हदीस ठेवून पाहू. ह. अरफजा (रजि.) यांचे नाक एका लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. पुरुषाला सोने निषिद्ध असूनही चेहऱ्यावरील उणीव भरून काढण्यासाठी ते वापरले गेले. येथे कोणाची फसवणूक नव्हती. सोन्याचे नाक कोणी खरे समजत नाही. केस जोडण्याच्या मनाईमागे जी कारणे फुकहांनी सांगितली, त्यांतील एक महत्त्वाचे कारण म्हणजे तद्लीस, अर्थात नसलेली गोष्ट आहे असे भासवून समोरच्याला चकवणे. म्हणजे उणीव झाकली की नाही, एवढ्यावर निवाडा होत नाही. झाकल्यामुळे कोणाचा हक्क बुडाला काय, हेही पाहावे लागते.

बाजारातील धान्याच्या राशीची हदीस हेच स्पष्ट करते. प्रेषितांनी (स.) राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आमच्यातला नव्हे, असे बजावले. तो विक्रेता दोषी ठरला, कारण गिऱ्हाईक त्या राशीवर विसंबून दाम मोजणार होते. तेच धान्य त्याने घरच्या कोठारात झाकून ठेवले असते, तर कोणी त्याला प्रश्न विचारला नसता.

आता आपल्या मुलीकडे पाहा. बसमधील सहप्रवासी, वर्गातील मैत्रीण, कार्यालयातील सहकारी, लग्नाच्या मांडवात शेजारी बसलेली दूरची नातेवाईक, यांपैकी कोणाचा तिच्या संप्रेरकांविषयी जाणून घेण्याचा हक्क आहे? कोणाचाही नाही. त्यांच्यासमोर छाया झाकणे म्हणजे सत्र. आणि दुसऱ्याचे उणे झाकणाऱ्याचे उणे कयामतच्या दिवशी अल्लाह झाकील, अशी शुभवार्ता आपल्याला दिलेली आहे. जे दुसऱ्यासाठी पुण्य, ते स्वतःसाठी पाप कसे होईल? 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे आपल्याकडे म्हणतात. त्या मुठीत कोणाचे पैसे नसले, तर ती झाकलेलीच बरी.

परंतु जेथे हक्क आहे, तेथे मूठ उघडावी लागते. विवाहाच्या बोलणीत हा हक्क उत्पन्न होतो. ह. फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी आलेल्या मागण्यांविषयी सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) एकाची गरिबी आणि दुसऱ्याचा मारकुटेपणा त्यांना स्पष्ट सांगितला. पीसीओएसमध्ये मासिक पाळी अनियमित असू शकते आणि गर्भधारणेसाठी काहींना उपचार घ्यावे लागतात. योग्य उपचारांनी पुष्कळ स्त्रिया माता होतात, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी निकाहपूर्वी, बोलणी पक्की होत असताना, मुलीच्या आईने किंवा मावशीने मुलाकडील जाणत्या स्त्रीला शांतपणे सांगाव्यात. पाहण्याच्या दिवशी प्रसाधन करावे, पण सांगायचे ते सांगूनच. मुलाकडच्यांनीही हा नियम आपल्यालाही लागू आहे, हे ध्यानात ठेवावे. मुलाचा मधुमेह, व्यसन किंवा कर्ज लपवून ठेवणे ही त्याच ओल्या धान्याची रास होय.

इतका निवाडा झाल्यावर कौशल्याविषयी चार शब्द लिहिण्यास संकोच नसावा. कातडीखालील केसाचे मूळ काळे असते, पण त्वचेतून ते निळसर दिसते. त्यावर नुसता त्वचेच्या रंगाचा लेप चढवला तर चेहरा राखट दिसू लागतो. निळ्याला नारिंगी मारतो. म्हणून सावळ्या वर्णावर नारिंगी आणि गोऱ्या वर्णावर फिकट पीच रंगाचा करेक्टर छायेपुरताच बोटाने थोपटून लावावा, घासू नये. त्यावर मानेच्या रंगाशी जुळणाऱ्या फाउंडेशनचा पातळ थर द्यावा आणि थोडी पावडर दाबावी. खिडकीच्या उजेडात पाहावे. ट्यूबलाइटखाली चुकीचा रंगही बरोबर वाटतो. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केलेल्या दिवशी त्वचेला विसावा द्यावा आणि रात्री सर्व काढूनच झोपावे. हेतू एवढाच की चेहरा इतर चेहऱ्यांसारखा दिसावा. कृत्याचा निवाडा त्याच्या उद्देशावरून होतो, हा फिक्हचा मूलभूत नियम आहे. उस्मानी काळातील 'मजल्ला' या कायदेसंहितेत तो अगदी आरंभी, दुसऱ्याच कलमात आलेला आहे. एकच डबी एक स्त्री लोकांनी पाहावे म्हणून उघडते, दुसरी लोकांनी रोखून पाहू नये म्हणून. अन्-नूर सूरहमध्ये शोभा मिरवण्याची जी मनाई आहे, तिची मर्यादा दुसरीने सहज सांभाळलेली असते. चेहरा झाकणाऱ्या भगिनींनाही हा प्रश्न सुटत नाही. नकाब स्त्रियांच्या बैठकीत उतरतो आणि बोचरे प्रश्न बहुधा तेथेच विचारले जातात.

यातील सर्वांत गंभीर गोष्ट नमाजची आहे. पाण्याने न निघणाऱ्या प्रसाधनाचा थर त्वचेवर असेल तर वुजूचे पाणी त्वचेपर्यंत पोहोचत नाही. हातावर उरलेला मेंदीचा रंग वुजूला बाध आणीत नाही, पण वाळलेला मेंदीचा लेप आणतो. तोच नियम येथे. म्हणून वुजू करून मग प्रसाधन करावे, शक्य तितका वेळ वुजू टिकवावा आणि टिकला नाही तर चेहरा स्वच्छ करून पुन्हा वुजू करावा. पण लग्नाच्या हॉलमध्ये मगरिबची अजान होते, हात धुण्याच्या जागी वीस स्त्रिया उभ्या असतात, आणि ती मुलगी सर्वांसमोर चेहरा धुवायला धजत नाही. नमाज जाते. पुढच्या लग्नात पुन्हा जाते. मुली, तुझे झाकणे जायज आहे. परंतु ज्याच्यासाठी नमाज सोडावी लागते, ते साधन राहत नाही, मालक होते. सोबत कापूस आणि प्रसाधन काढण्याचे द्रव्य ठेव, आईला किंवा बहिणीला दाराशी उभी कर, पण वुजू कर.

आणि त्या वीस स्त्रियांना काय म्हणावे? एकमेकांची टर उडवू नका, वाईट नावांनी हाक मारू नका, ही अल्-हुजुरात सूरहमधील आज्ञा स्त्रियांचा वेगळा उल्लेख करून दिलेली आहे. 'हिला तर मिशा फुटल्या' हे वाक्य उच्चारायला एक क्षण पुरतो. ते ऐकणारी मुलगी मात्र त्यानंतर कित्येक वर्षे खाली मान घालून चालते. आपण करेक्टरच्या डबीला फसवणूक म्हणायचे आणि जिच्यामुळे ती डबी विकत घ्यावी लागली त्या जिभेला गंमत म्हणायचे, हा कुठला न्याय? हिशेबाच्या दिवशी त्या रंगाच्या थरापेक्षा या जिभेचे ओझे जड भरेल, अशीच भीती अधिक आहे.

म्हणून पालकांनी दोन गोष्टी कराव्यात. मुलीला उपचार आणि हे कौशल्य दोन्ही मिळू द्यावे. त्यासाठी तिला चोरून पैसे जमवावे लागू नयेत. आणि घर असे ठेवावे की उंबरठ्याच्या आत तिला काहीच झाकावे लागणार नाही. वडिलांसमोर, भावांसमोर ती धुतलेल्या चेहऱ्याने निर्धास्त जेवायला बसू शकते काय, एवढे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे. बाहेर झाकणारी मुलगी घरात मोकळी असेल, तर तिच्या झाकण्यात कपट नाही, केवळ लज्जा आहे; आणि लज्जा हा ईमानचाच एक भाग आहे.

अल्लाह आपल्या मुलींना आरोग्य आणि मनःशांती देवो, आपल्या जिभांना आवर घालो आणि आपल्या सर्वांचे दोष इहलोकी व परलोकी झाकून ठेवो. आमीन.