आठवणीत स्वतःला पाहणारा कोण?

गेलेला प्रसंग माणूस दोन ठिकाणांहून आठवतो. कधी तो तेव्हाच्या स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, तर कधी त्या प्रसंगात वावरणारा आपणच आपल्याला बाहेरून दिसतो. बंगळुरूच्या बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तिला तिथे कडलेकाई परिषे म्हणतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ती पाहिलेल्या माणसाला पुढे शेंगांचे ढीग आठवतात, किंवा गर्दीतले वडील आणि त्यांच्या खांद्यावरचे पोर आठवते. हे दुसरे दृश्य त्याच्या डोळ्यांनी कधीच पाहिलेले नसते. मग ती आठवण खरी मानायची का?

फ्रॉइडने १८९९ मध्ये याचे उत्तर संशयाने दिले. बालपणीच्या आठवणीत माणूस स्वतःला पाहतो, त्याअर्थी मूळ ठशावर नंतर काम झाले आहे, असे त्याचे म्हणणे होते. नायग्रो आणि नाइसर यांनी १९८३ मध्ये या दोन दृष्टिकोनांचा पद्धतशीर अभ्यास केला. जुन्या आठवणी बाहेरून दिसण्याकडे अधिक झुकतात आणि भावनेवर लक्ष दिले की आतली दृष्टी बळावते, असे त्यांना आढळले. रॉबिन्सन आणि स्वान्सन यांचे १९९३ मधले निरीक्षण अधिक बोलके आहे: आतून दिसणारी आठवण मुद्दाम बाहेरून पाहायला लावली की तिच्यातली भावना ओसरते, उलट दिशेने गेल्यावर मात्र ती वाढत नाही.

भारतीय तत्त्वज्ञानात स्मृतीच्या खरेपणाचा वाद जुना आहे. न्यायदर्शन स्मृतीला प्रमा, म्हणजे प्रमाणभूत ज्ञान, मानत नाही, कारण ती स्वतंत्र नाही. आधीच्या अनुभवाच्या आधाराने उभी राहते. मध्वाचार्यांच्या द्वैत परंपरेने मात्र स्मृतीलाही प्रमाणाचे स्थान दिले. तिचे थोर टीकाकार जयतीर्थ चौदाव्या शतकातले, आणि परंपरा त्यांचा जन्म मंगळवेढ्याचा सांगते.

द्वैताच्या मते वस्तू जशी आहे तशी कळणे हेच प्रमाणाचे लक्षण. स्मृती हे मनाचे प्रत्यक्ष आहे आणि गेलेल्या विषयाशी मनाचा संबंध संस्कारामुळे, म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेल्या ठशामुळे, जुळतो. यावर एक मार्मिक आक्षेप येतो. अनुभवाच्या वेळी वस्तू ‘आहे’ म्हणून कळली होती, स्मृतीत ती ‘होती’ म्हणून कळते. म्हणजे स्मृतीने मुळात नसलेले काहीतरी आणले. उत्तर असे की ती अवस्था सरली आहे हेही खरेच आहे, आणि मन ते जाणते. अनुभवाहून अधिक सांगितल्याने स्मृती खोटी ठरत नाही.

बाहेरून दिसणाऱ्या आठवणीचा प्रश्न जयतीर्थांनी या रूपात मांडलेला नाही, पण या उत्तरातून वाट निघते. वडिलांचा खांदा, गर्दी, आपले तिथे असणे हे सारे त्या मुलाला तेव्हाही ठाऊक होते. डोळ्यांनी नव्हे, तर अंगाने आणि मनाने. मन पुढे त्याचे चित्र बनवते. ‘मी हे त्या जागेवरून पाहिले’ असा त्या चित्राचा दावा असेल तर तो चुकीचा. ‘मी असा तिथे होतो’ एवढाच असेल तर तो खरा असू शकतो. फ्रॉइडचा संशय पहिल्या दाव्याला लागू पडतो. दुसरा त्याने फार लवकर सोडून दिला.

चित्रात दिसणारे पोर हे मात्र फक्त शरीर आहे. ‘तो मीच’ ही ओळख त्या आकृतीत सापडत नाही. द्वैतमतात ती साक्षीकडून येते. साक्षी म्हणजे आत्म्याचे स्वतःचे इंद्रिय, जे स्वतःला, सुखदुःखाला आणि काळाला थेट जाणते. अद्वैतातही साक्षी आहे, पण तिथे तो शुद्ध चैतन्य आहे आणि त्याला व्यक्तीचा भूतकाळ आपला म्हणून चिकटत नाही. व्यक्तिगत आठवणीच्या प्रश्नाला म्हणूनच द्वैताची मांडणी अधिक जवळची वाटते.

जत्रेचा फोटो वारंवार पाहून आणि घरच्यांकडून ऐकून कोणी सबंध दृश्य रचले असेल, तर प्रकरण वेगळे. तिथे स्वतःच्या अनुभवाचा संस्कार नाही, म्हणून ती स्मृती नव्हे; फोटोवरून केलेले अनुमान किंवा घरच्यांच्या शब्दावर ठेवलेला विश्वास आहे. आतून दोन्ही सारखीच वाटतात. आठवणारा कोण, याबद्दल साक्षी ग्वाही देतो. अंगातला सदरा कोणत्या रंगाचा होता, याबद्दल मनाची चूक होऊ शकते, आणि तिथे फोटोचे किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांचे ऐकावे लागते.