ताबा

जमिनीचा ताबा, घराचा ताबा, जप्त मालाचा ताबा, आणि मुलाचा ताबा! नवराबायको विभक्त झाली की कोर्टाच्या कागदावर हा शब्द येतो आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. पण शब्दाला दोष देऊन काय उपयोग? तो आपल्या मनातूनच कागदावर उतरलेला असतो. मूल ही आपल्याला मिळकत वाटते. म्हणून तर ते 'कोणाचे' हा प्रश्न आपण इतक्या सहजपणे विचारतो.

प्रश्न जुनाच आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ, याचा बराच खल केलेला आहे. पुरुष हे बी, स्त्री हे शेत. मग पीक कोणाचे? दुसऱ्याच्या रानात बी टाकले तर पीक रानाच्या धन्याचे, आधी करार झाला असेल तर दोघांचे, असे तिथले निकाल. माणदेशातल्या एखाद्या शेतकऱ्याला हा वाद ऐकवला तर तो बहुधा गालातल्या गालात हसेल. माण हा अवर्षणाचा मुलूख. माणगंगेचे पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडे. बी चोख आणि रान कसदार असूनही ज्वारी करपते, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. जे काही हाताला लागते ते कोणीतरी माळ्यावर उभे राहून पाखरे हाकलली म्हणून. बीजक्षेत्राच्या एवढ्या लांब चर्चेत या राखणदाराची कोणाला आठवण होऊ नये, याचे मला नवल वाटते.

नुसत्या शेतीवर भागत नाही म्हणून माण-खटावची, शेजारच्या आटपाडी-खानापूरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर पडत आली. कोणी मुंबईच्या बाजारात माथाडी झाले, कोणी सोन्याचांदीच्या गलाईसाठी परप्रांती गेले, कोणी मेंढरे घेऊन चाऱ्यामागे फिरले. बाप दूर आणि मूल आई-आजीपाशी, हे तिथले नेहमीचे चित्र. त्यासाठी काडीमोड व्हावी लागत नाही. बापाची माया त्यामुळे आटते असे मुळीच नाही. पण रात्री ताप चढला तेव्हा उशाशी कोण होते, याचे उत्तर घरोघर एकच मिळते.

हे उत्तर कायद्याच्या तोंडून यायला मात्र वेळ लागला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे सहावे कलम सांगते की नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांच्या आतले मूल सामान्यतः आईजवळ असावे, एवढी सवलत. आता 'त्याच्यानंतर' म्हणजे काय? तो मेल्यावर? विदर्भातला एक खटला या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला : जिजाबाई विठ्ठलराव गजरे विरुद्ध पठाणखान. वाद होता कुळाचा आणि जमिनीचा. जमीन अज्ञान मुलीची. आईबाप वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहिलेले. मुलीला सांभाळले आईने, जमीन कुळाला लावून दिली तीही आईने. न्यायालयाने १९७० साली म्हटले की बाप हयात असला तरी या मुलीच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच. तेव्हा आई हीच नैसर्गिक पालक. पुढे १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात 'नंतर' याचा अर्थच 'गैरहजेरीत' असा लावला गेला. राखणदाराला अखेर नाव मिळाले! ते एका कुळाच्या तंट्यातून मिळावे, हाही एक योगच.

त्याच कायद्याचे तेरावे कलम तर आणखी पुढे जाते. बापाचा हक्क नव्हे, आईचा हक्क नव्हे. मुलाचे हित सर्वांच्या वर. वाचून बरे वाटते. पण हित मोजायचे कशाने? बापाच्या घरी मुंबईत नळ आणि इंग्रजी शाळा, आईच्या माहेरी टँकरची वाट पाहणे. असा ताळेबंद मांडला तर गरीब बाजू दर वेळी हरणार. न्यायालये निव्वळ पैशावर निकाल देत नाहीत, हे खरे. पण नातेवाईक देतात.

जातकांत महोसधाची कथा आहे. एका मुलावर दोन स्त्रिया हक्क सांगतात. महोसध जमिनीवर रेघ ओढतो आणि म्हणतो, ओढा. जी ओढून नेईल तिचे मूल. मूल कळवळून रडते तशी एक जण हात सोडते, आणि मूल तिलाच मिळते. ही गोष्ट आपण मुलांना मोठ्या कौतुकाने सांगतो. पण तिथे एक खरी आणि एक खोटी होती. विभक्त झालेल्या जोडप्यात दोघेही खरे असतात, आणि खरी गोम पुढेच आहे. अर्ज पडतो, तारखा पडतात, वर्षे जातात. तोवर मूल ज्याच्याकडे, तिथेच त्याची शाळा, तिथलेच सवंगडी. मग रुळलेले मूल पुन्हा उपटून लावू नये, असे न्यायाधीशाला वाटते आणि त्यात त्याची चूकही नसते. परिणाम मात्र महोसधाच्या उलट होतो. ज्याने घट्ट धरले त्याचे मूल. रडू नये म्हणून ज्याने हात सोडला तो दर महिन्याला दोन तास भेटीचा धनी! वकिलाने 'आधी मूल आपल्याकडे आणा' असा सल्ला दिला की समजावे, न्यायाच्या दिरंगाईने आडदांडपणाला बक्षीस लावले आहे.

म्हणून मला वाटते, पालक म्हणून कोण अधिक योग्य हे ठरवताना एक गोष्ट आधी पाहावी : दुसऱ्याचे नाव त्या घरात कसे घेतले जाते. 'तुझा बाप' आणि 'बाबा' यांत जे अंतर आहे ते मुलाला आपल्याआधी कळते. मुलाला उभे करून 'तुला कोण हवे?' असे विचारणाऱ्या घरापेक्षा, पाडव्याला त्याची पिशवी भरून हसत एसटीत बसवून देणारे घर मी अधिक विश्वासाचे मानीन, मग तिथे टँकरचे पाणी का असेना.

पिशवीची गोष्ट कल्पनेतली नव्हे. दिवाळीची सुट्टी निम्मी आईकडे आणि निम्मी बापाकडे, असे हुकूम न्यायालये करतात. फराळाचा अर्धा डबा इकडे संपतो, अर्धा तिकडे. या दिवसांत आपल्याही घरी असे एखादे भाचरू, पुतणे आले असेल. त्याला तिकडची चौकशी करून खोदू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आणि हे हुकूम दगडावरची रेघ नसतात. हिंदू विवाह कायद्याच्या सव्विसाव्या कलमाखाली मुलासंबंधीचा हुकूम वेळोवेळी बदलता येतो. लग्न मोडल्याचा निकाल कायम होतो, पण मूल पाचाचे दहा वर्षांचे झाले, त्याची गरज बदलली, की आईबापांपैकी कोणालाही पुन्हा त्याच दारात उभे राहता येते.