रक्ताची भरपाई : भिक्षा कीं देणें?

आपल्या सोलापूर जिल्ह्यांत, मंगळवेढें तालुक्याच्या बाजूस, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं कुटुंबें राहतात. भिक्षेसाठीं हे लोक वर्षांतील पुष्कळ दिवस परमुलखांत हिंडत असतात. ता. १ जुलै २०१८, रविवार, या दिवशीं त्यांच्यांतील कांहीं जण धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा गांवीं आठवड्याच्या बाजारांत गेले. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून त्या भागांत आधींच पसरली होती. जमावानें या परक्या माणसांस धरलें, ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडलें, आणि तेथें पांच जणांस जीव जाईपर्यंत मारलें. सरकारनें प्रत्येक मृताच्या कुटुंबास पांच लाख रुपये देण्याचें जाहीर केलें.

हे रुपये काय समजावयाचे? सरकारची दया, कीं सरकारवरील देणें? प्रश्न केवळ शब्दांचा नाहीं. दया करणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाहीं. देणेकऱ्यास विचारतां येतो.

कोणी विचारी मनुष्य म्हणेल, “सरकारनें कोठें कोणास मारलें? गुन्हा जमावाचा, मग भरपाई सर्व रयतेच्या पैशांतून कां?” आक्षेप हलका नाहीं. गुन्हेगाराचा दोष गुन्हेगाराच्याच माथीं असला पाहिजे, आणि तो पैशानें फिटतो असेंही कोणी म्हणूं नये. परंतु सरकारनें आम्हां प्रत्येकास सांगितलें आहे कीं, तूं कुऱ्हाड उचलूं नको, सूड घेऊं नको. तुझें रक्षण मी करीन, अपराध्यास शासन मी करीन. आम्हीं तें मान्य केलें, आणि योग्यच केलें. ज्यानें आमच्या हातांतील कुऱ्हाड काढून घेतली त्यानें आमचें रक्षणही पत्करलें. तें न झाल्यास त्यानें अंग झाडून निघून जावें, हें न्यायाचें नव्हे.

अनुवादाच्या २१ व्या अध्यायांतील नियम वाचकांस ठाऊक असेल. शेतांत मारलेला मनुष्य सांपडला आणि मारणारा कळला नाहीं, तर वडील व न्यायाधीश यांनीं बाहेर येऊन त्या प्रेतापासून भोंवतालच्या नगरांपर्यंत अंतर मोजावें. जें नगर सर्वांत जवळ, त्याच्या वडिलांनीं पुढें येऊन देवासमोर जबाब द्यावा. त्या वडिलांनीं खून केलेला नसतो. तरी मोजणी होते, कारण ती न झाली तर मेलेला मनुष्य कोणाच्याच हद्दींतला राहत नाहीं.

आमच्या देशाच्या कायद्यांतही आतां अशी मोजणी आहे. ता. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेचें कलम ३५७-अ लागू झालें, ता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ नें घेतली आहे. गुन्हेगार सांपडला नाहीं तरी पीडितास किंवा त्याच्या आश्रितांस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागतां येते, आणि प्राधिकरणानें चौकशी दोन महिन्यांत पुरी करावयाची असते. राईनपाड्याच्या घटनेनंतर सोळा दिवसांनीं, १७ जुलै २०१८ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें राज्यांस आज्ञा केली कीं, जमावाच्या हिंसेस बळी पडलेल्यांसाठीं एका महिन्याच्या आंत भरपाईची योजना करावी, आणि घटनेपासून तीस दिवसांत अंतरिम साहाय्य देण्याची तींत तरतूद असावी.

मग अडतें कोठें? माझ्या मतें, देणाऱ्याच्या मनांत. जो समाज भिक्षेवर जगतो त्याची विधवा कचेरीच्या दाराशीं आली म्हणजे, ती हक्क मागत असली तरी, पाहणाऱ्यास ती भिक्षाच मागत आहे असें वाटतें. ‘पुढें हो, नंतर ये’ हें उत्तर भिक्षेकऱ्यास दारोदार मिळतें. तेंच तिला मिळतें, आणि तीही त्यास सरावलेली असते. अन्यायी न्यायाधीशाच्या दाखल्यांतील विधवेजवळ वारंवार जाणें एवढेंच बळ होतें. परंतु मंगळवेढ्याहून सोलापुरास यावयाचें तर प्रत्येक खेपेस एका दिवसाची कमाई बुडते आणि एस. टी.चें भाडें पडतें. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यास तर नेमल्या दिवशीं हजर होणेंही कठीण. जी भरपाई वारंवार येणाऱ्यासच मिळते, ती सर्वांत गरीब मनुष्यास मिळावयाची नाहीं.

आणखी एक जुनी बाकी आहे. १८७१ च्या कायद्यानें सरकारनें कित्येक भटक्या जातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. त्यांच्यासाठीं आमच्या सोलापुरांत तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, आणि तिचा कारभार कांहीं काळ अमेरिकन मराठी मिशनकडेही होता, हें आपण विसरूं नये. १९५२ सालीं तो डाग कायद्यांतून पुसला गेला. हिंडता परका मनुष्य दिसला कीं तो चोर समजावा, ही शिकवण राईनपाड्याच्या जमावास एकट्या मोबाईलनें दिली, असें मला वाटत नाहीं.

आपल्या गांवीं असें संकट कोणावर आलें, मग तें कुटुंब कोणत्याही धर्माचें असो, तर उपदेशक बंधूंनीं त्याच्याबरोबर स्वतः जावें. अर्ज लेखी द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा. गरिबांस वकील विनामूल्य देण्याचें कामही त्याच प्राधिकरणाकडे आहे. दोन महिने भरले कीं दुसऱ्याच दिवशीं, कसलीही विनवणी न करतां, विलंबाचें कारण काय एवढेंच लेखी विचारावें, आणि त्या पत्राचीही पोंच घ्यावी.