स्टेशन, ठाणे आणि स्थानक

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील एक लहान स्टेशन आहे. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड ही मीटरगेज लाइन सुरू झाली आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू असतानाही स्टेशन, तिकीट, सिग्नल, गार्ड हे इंग्रजी शब्द रुळांबरोबर या टापूत आले. ग्रामीण बोलीने आरंभीचा जोडाक्षरी उच्चार मोडून ‘टेशन’, ‘ठेसन’ अशी रूपे घडवली, तर मास्टरचा ‘मास्तर’ होऊन ‘स्टेशनमास्तर’ हा पूर्ण मराठी वळणाचा शब्द तयार झाला.

‘स्टेशन’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘स्टाटिओ’ या नामात आहे. उभे राहणे, उभे राहण्याची जागा आणि त्यावरून पहाऱ्याची चौकी, असे त्याचे अर्थ होत. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि तेथे माणसाची समाजातील पायरी, लष्करी तळ, पुढे आगगाडीचा थांबा असा विस्तारत गेला. मध्ययुगात फिरत्या विक्रेत्यांहून वेगळे, एका जागी दुकान मांडणारे ग्रंथविक्रेते ‘स्टेशनर’ म्हणवले जात. वह्या-पेन्सिलींना मिळालेले ‘स्टेशनरी’ हे नाव त्यांच्यावरूनच आले.

‘स्टाटिओ’मागचा लॅटिन धातू आणि संस्कृतमधील ‘स्था’ हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे अंकुर आहेत. ‘स्था’पासून ‘स्थान’, त्याच्या प्राकृत रूपातून ‘ठाण’ आणि ‘ठाणे’ आले, म्हणजे ‘पोलीस स्टेशन’ व ‘पोलीस ठाणे’ ही जोडी व्युत्पत्तीनेही एकाच घराण्यातली ठरते. मग आगगाडीच्या थांब्याला ‘ठाणे’ का म्हटले गेले नाही? कारण त्या शब्दात सत्तेचा अंमल आणि पहारा आधीच मुरला होता. गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूंसाठी तो उपयोगाचा नव्हता.

‘स्थानक’ हा तत्सम शब्द, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द, पाटीवर आणि उद्घोषणेत रुळला. पण एसटीच्या पाटीवर ‘बसस्थानक’ असले तरी माणसे ‘स्टँड’वर जातात, आणि ‘स्टँड’ही त्याच मुळाचा आहे. शब्द परका की आपला, एवढ्याच निकषावर भाषाशुद्धीचा निवाडा केला, तर एकाच कुळातील शब्दांनी आपसांत वाटून घेतलेली ही कामे नजरेआड होतात. भाषेत शब्दाचे टिकणे त्याच्या जन्मस्थळापेक्षा त्याने सांभाळलेल्या कामावर अधिक अवलंबून असते.