आरमाराचा तनखा

नौदल दिन जवळ आला की समाजमाध्यमांवर १७५६ सालचे भांडण पुन्हा उकरले जाते. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून आपलेच आरमार जाळले आणि आपण समुद्र गमावला, एवढ्यात निकाल लागतो. त्यावरून जातीजातींत चिखलफेकही होते. आरमार म्हणजे जहाजांचा ताफा, तो जळला की सगळे संपले, असे या मंडळींनी धरून ठेवले आहे. शिवाजी महाराजांची दृष्टी याहून फार मोठी होती.

सिंधुदुर्ग, खांदेरी, बसरूर ही नावे आपल्याला पाठ आहेत. महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेले मिठाचे पत्र मात्र क्वचितच कुणाला आठवते. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशचे मीठ स्वस्त पडत असल्याने व्यापारी तिकडे वळू लागले होते. आपली मिठागरे बसू नयेत म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवा, असा तो हुकूम आहे. किनाऱ्यावरचा व्यापार जगला तरच आरमाराला अर्थ, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

हाच विचार रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथात मांडला. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, एवढेच आपण भाषणांत सांगतो. पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, त्याला स्वतःच्या पैदाशीवर सोडू नये; तसे केले तर सावकारांना उपद्रव होतो आणि बंदरे बुडतात, असे अमात्य बजावतात. रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे जहाजांसाठी तोडू नयेत, एखादे जीर्ण झाड घ्यायचेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, इथवर त्यांची नजर जाते.

नेमक्या त्याच काळात वाट बदलली होती. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांना शाहू महाराजांच्या पक्षात आणले. किल्ले, मुलूख आणि सरखेलपद म्हणजे आरमाराचे प्रमुखपद कान्होजींकडे कायम झाले. मुत्सद्देगिरीचा विजय म्हणून हा तह शिकवला जातो आणि त्या घटकेला तो होताही. पण राज्याचे अंग त्याने एका घराण्याची दौलत करून टाकले. कान्होजींच्या कर्तबगारीने हा दोष झाकला. १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये कुलाब्यावर चालून आलेल्या शत्रूंना त्यांनी परतवले. १७२९ मध्ये ते गेले, मुलांत भांडणे लागली आणि १७३५ मध्ये कुलाबा मानाजींकडे, विजयदुर्ग संभाजींकडे अशी वाटणीच झाली. पुढे विजयदुर्ग त्यांचे भाऊ तुळाजी यांच्याकडे आला. तुळाजींचे आरमार दस्तकांवर, म्हणजे जहाजांना विकलेल्या परवान्यांवर, आणि पकडलेल्या जहाजांवर जगत होते. अमात्यांनी टाळायला सांगितलेली ती हीच स्थिती.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज नौसेनापती वॉटसनच्या तोफांचा विजयदुर्गावर मारा सुरू झाला. तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजाला आग लागली आणि तिने सगळा ताफा गिळला. नानासाहेबांच्या लेखी तो एका बंडखोर सरदाराचा ताफा होता. इंग्रजांना घरात घेण्याची त्यांची चूक अक्षम्यच आहे आणि बाणकोट देऊन आपण तिची किंमत मोजली. मात्र राज्याला आपले आरमार परके वाटू लागले, त्याची सुरुवात १७१४ मध्ये आहे.

हा धडा आज जसाच्या तसा लागू पडतो. समुद्रसत्तेची चर्चा करताना अमेरिकी नौदल-विचारवंत मॅहनचे नाव सगळेच घेतात, पण त्यानेही व्यापारी जहाजांना तिचा पाया मानले होते. आपला परदेशी व्यापार वजनाने पाहिला तर सुमारे ९५ टक्के समुद्रमार्गे होतो. त्यातला बहुतेक माल परक्यांच्या जहाजांतून जातो आणि जगाच्या जहाजबांधणीत आपला वाटा एक टक्काही नाही. युद्धनौका हव्यातच. त्यांच्यामागे आपल्या गोद्या, आपली मालवाहू जहाजे आणि आपले खलाशी नसतील, तर त्या परक्यांचाच माल राखत बसतील. अर्थसंकल्पात गोद्यांसाठी आणि व्यापारी जहाजांसाठी किती तरतूद आहे, हे आपल्या खासदाराला विचारा. आज्ञापत्राचा मान राखायचा तर सुरुवात तिथून करावी लागेल.